ऑइलचा दिवा आणि परिप्रश्न



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

ज्ञान मिळवायचं कसं, हे भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. तीनच गोष्टी : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नम्र व्हा, मोकळेपणाने विचारा, सेवा करा. मग तत्त्व जाणणारे तुम्हाला उपदेश करतील. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला होता. कळला मात्र कोइम्बतूरच्या एका गॅरेजात.

बाबांची जुनी एस्टीम मी हौसेने ट्रॅकवर चालवायचो. १३०० सीसीचं इंजिन, त्याची ताकद वाढवायची होती. रेसिंगची इंजिनं बांधणारे जाणकार कोइम्बतूरला आहेत, म्हणून पुण्याहून इंजिन ट्रान्सपोर्टने पाठवलं आणि मागोमाग मीही गेलो. तिथल्या वयस्कर अण्णांच्या पाया पडलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तंबी, वळणावर ऑइलचा दिवा कधी लागला होता?"

"नाही अण्णा. इंजिन एकदम ठणठणीत आहे. फक्त पॉवर वाढवून द्या."

खोटं बोललो. लांब वळणावर दिवा दर वेळी लुकलुकायचा आणि मी तसाच अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचो. पण हे सांगितलं तर आपली काय किंमत राहणार?

चार दिवसांनी त्यांनी बोलावलं. इंजिन पूर्ण उघडलेलं. पांढऱ्या फडक्यावर कनेक्टिंग रॉडची बेअरिंग्ज ओळीने मांडलेली. त्यांचा वरचा राखाडी थर झिजून खालचा तांबूस थर दिसत होता. वेगात वळताना तळाच्या समपमधलं ऑइल एका बाजूला धावतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि क्षणभर धातूवर धातू घासतो. दिवा तेच सांगत होता.

अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी नुसती पॉवर वाढवून दिली असती, तर नवीन बेअरिंग्ज आणखी लवकर गेली असती. आधी समपमध्ये ऑइल अडवणारे पत्रे बसवू."

मान खाली गेली. प्रणिपात तर मी केला होता, पण परिप्रश्नात खोट होती. ज्याला विचारायचं, त्याच्यापासूनच दुखणं लपवलं होतं.

देवासमोर आपण वेगळं काय करतो? "शक्ती दे, यश दे, मन शांत कर." आणि आईवर रोज चढणारा आवाज, रात्री दोनपर्यंत हातात असलेला फोन, मित्राचं यश बघून पोटात होणारी जळजळ? ते दिवे लुकलुकत असतात आणि आपण म्हणतो, बाकी सगळं ठणठणीत आहे देवा!

अर्जुन बघा. पहिल्या अध्यायात तो युक्तिवादांवर युक्तिवाद करतो. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात मात्र कबूल करतो की माझं मन गोंधळलंय, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. गीतेचा उपदेश सुरू होतो तो त्यानंतरच. देवाला आपलं सगळं ठाऊकच असतं. ते आपल्या तोंडून निघणं गरजेचं असतं, कारण तोपर्यंत दुरुस्ती आपण होऊ देत नाही.

राहिली सेवा. ज्ञानोबामाऊली सेवेला ज्ञानाच्या घराचा दरवाजा म्हणतात. इंजिन परत देताना अण्णांनी बजावलं, "पहिले १००० किलोमीटर जोर लावायचा नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरशी जुळू देत." एवढी ताकद हाताशी असून हळू चालवायचं! जीव नुसता वळवळायचा. पण सांगितलेलं निमूट पाळणं, हीच माझी सेवा होती.

आजचा संकल्प : संध्याकाळी देवापुढे बसाल तेव्हा काही मागण्याआधी आपला एक लुकलुकणारा दिवा त्याला खरा खरा सांगा. एकच.

राम कृष्ण हरी.