उठण्याची वेळ कोणी ठरवावी?

पणजीस मांडवीच्या काठाने सायंकाळी जाणाऱ्यास पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या नौकांचे दिवे दिसतात. गोव्यात द्यूतास प्रतिबंध करणारा कायदा १९७६ चा. त्यातच १९९२ पासून दुरुस्त्या होऊन परवान्याचे दार उघडले गेले. आत गेलेल्याने केव्हा उठावे, हे मात्र कोणताही कायदा सांगत नाही.

कर्जाच्या दाव्यांचे कागद पाहताना अशिलांच्या तोंडून एक वाक्य मी अनेकदा ऐकले आहे : “वकीलसाहेब, गेलेले तेवढे परत आले की उठणारच होतो.” हे वाक्य खोटे नसते, आणि दुःख तेच आहे.

एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रात ३७ घरे असतात; एका आकड्यावर लावलेल्या रुपयास जिंकल्यावर ३५ रुपये मिळतात. या फरकावरच मालकाचे उत्पन्न चालते. चक्राला स्मरण नसते. माँटे कार्लो येथे १८ ऑगस्ट १९१३ रोजी गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. ‘आता तरी लाल येईल’ म्हणून लोक लालवर रकमा वाढवीत गेले आणि बुडाले. गेलेल्या धनाचा हिशेब खेळणाऱ्याच्या मनात असतो, चक्रात नसतो.

आणि गेलेले परत मिळाले, तरी मनुष्य उठतो काय? सभापर्वात धृतराष्ट्राने पांडवांना हरलेले सर्व परत दिले. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागले, तोच पुन्हा बोलावणे आले आणि साक्षात् धर्मराज परत फिरला. त्या दुसऱ्या डावाने १२ वर्षांचा वनवास व १ वर्षाचा अज्ञातवास पदरी घातला.

उत्तर मला द्रौपदीच्या प्रश्नात दिसते. युधिष्ठिर आधी स्वतःस हरला की मला, असे तिने सभेस विचारले. जो स्वतःचाच धनी उरला नाही, त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार कोठून? १८७२ चा करार कायदाही हेच पाहतो, की करार करतेवेळी मन स्वहिताचा विवेक करण्यास समर्थ होते काय. डाव रंगात आला असता ‘आणखी एकच’ म्हणणारा बहुधा आधीच स्वतःस हरलेला असतो. म्हणून थांबण्याचा निर्णय त्याच्या हाती ठेवणे व्यर्थ होय. किती रक्कम न्यावयाची, किती वाजता उठावयाचे, हे बसण्यापूर्वी, घरच्या माणसांच्या साक्षीने ठरले पाहिजे. मुळात जाऊच नये, असे ठरविण्याची वेळही तीच.

बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. रूढीने द्यूतास मुभा दिली ती त्या एका दिवसापुरती. ती मर्यादाही डावाच्या बाहेरूनच आली होती.

अशा अशिलास मी आता इतकेच विचारतो : “त्या रात्री ठरविणारे आपण कोण होता? घरून निघालेले, की मेजापाशी बसलेले?”