चाक आणि दगड

बसा. पाठ भिंतीला टेकवली तरी चालेल.

समोर एक माउंटन बाइक उलटी ठेवली आहे. सीट आणि हँडल जमिनीवर, दोन्ही चाकं वर, मोकळी. घरात सायकल असेल तर खरोखरच तशी ठेवा. नसेल तर डोळ्यांपुढे आणा.

घाई नाही.

श्वास आत घ्या. सावकाश बाहेर सोडा.

आता एकच चाक पाहा. मागचं. ते किती इंची, हे अजून विचारू नका.

तळहाताने त्याला पुढे जायच्या दिशेने हलकेच फिरवा. हात काढून घ्या.

ऐका.

टिक, टिक, टिक. हबच्या आत छोटे खटके दात्यांवरून घसरत आहेत. पॅडल मारलं की हेच खटके दात्यांत अडकतात आणि पायांचं बळ चाकाला देतात. आता पॅडल स्थिर आहे, म्हणून ते नुसते वाजतात.

वेग कमी होतो. टिक... टिक... दोन आवाजांमधली जागा वाढत जाते.

त्या जागेत थांबा.

चाक थांबलं आहे. आता स्पोक पाहा. बहुधा 32 असतील, कधी 28. जाडी जेमतेम 2 मिलिमीटर.

एक स्पोक बोटाने छेडा.

बारीक, धातूचा स्वर येतो. त्याच बाजूचा पुढचा छेडा. जवळपास तोच स्वर. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना जाणता कारागीर डोळ्यांइतकाच कानही वापरतो.

स्पोकच्या प्रत्येक तारेत साधारण 100 किलोचा ताण आहे. 32 तारांचा मिळून तीन टनांहून जास्त. सगळ्या बाजूंनी ही ओढ चालू आहे, आणि चाक तुमच्यापुढे स्वस्थ आहे.

हे थोडा वेळ मनात राहू द्या.

बैलगाडीचं चाक आठवा. त्याचे आरे जाड, लाकडाचे. भार येतो तेव्हा तुंब्याखालचा आरा खांबासारखा उभा राहून तो पेलतो. सायकलच्या तारेला असं उभं राहता येत नाही, ती वाकेल. तिला फक्त ओढून धरता येतं.

तुम्ही सीटवर बसता. जमिनीकडच्या दोन-चार तारा थोड्या सैल पडतात. बाकीच्या जवळजवळ होत्या तशाच राहतात. चाक पुढे जातं, आता सैल व्हायची पाळी शेजारच्या तारांची.

सैल. ताठ. सैल. ताठ.

एका फेऱ्यात प्रत्येक तारेची पाळी एकदा येते. एवढंच पाहा.

आता आकडे येऊ द्या. 26. 27.5. 29.

समोर असू द्या. निवडू नका.

टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास 26 इंची चाकात 559 मिलिमीटर असतो. 27.5 मध्ये 584. 29 मध्ये 622. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या रिममध्ये फरक 63 मिलिमीटरचा.

चार बोटं जुळवून आडवी धरा. साधारण तेवढाच, किंवा त्याहून थोडा कमीच.

आणि आपली जुनी काळी सायकल, 28 इंची म्हणतो ती? तिच्या रिमचा हा व्यास 635. म्हणजे 29 पेक्षा 28 ची रिम मोठी. 29 हा आकडा जाड टायर धरून, बाहेरून मोजलेला आहे.

हसू आलं तर येऊ द्या. मग आकडे पुन्हा बाजूला ठेवा.

आता एक उतार पाहा.

कॅलिफोर्नियातला मरीन परगणा. 21 ऑक्टोबर 1976. फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या वाटेवर काही तरुण जुन्या सायकली धरून उभे आहेत. फुगीर टायरच्या, बऱ्याचशा 1930-40 च्या काळातल्या. रिपॅक नावाच्या शर्यतीची ही पहिली वेळ आहे. तीनेक किलोमीटरांत सुमारे 400 मीटर खाली.

पॅडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागतो. हब तापतो. आतल्या ग्रीसचा धूर होतो. खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागतं, म्हणून नाव रिपॅक.

त्या सायकलींची चाकं 26 इंची आहेत. डोंगरासाठी कुणी गणित करून ती निवडलेली नाहीत. जुन्या सायकलींना तीच होती. 1977 मध्ये सायकली घडवणारा जो ब्रीझ खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवतो, तेव्हाही चाक तेच राहतं.

वर्षं जातात. 1999 मध्ये 622 च्या रिमवर बसणारा जाड, नक्षीदार टायर येतो, नॅनोरॅप्टर नावाचा. मोठ्या चाकाला डोंगराची वाट मोकळी होते. 584 चं माप फ्रान्समधल्या जुन्या प्रवासी सायकलींचं. डोंगरावर त्याची गर्दी त्याहूनही उशिरा होते.

हाताशी होतं ते घेतलं. त्याची सवय झाली. सवयीला नियम म्हटलं गेलं.

श्वास घ्या. सोडा.

आता वाटेवर एक दगड ठेवा.

सह्याद्रीत काळ्या बसाल्टचा असेल, कोकणात तांबड्या जांभ्याचा. पाच सेंटिमीटर उंच. साधारण तीन बोटं.

पुढचं चाक त्याच्याकडे सावकाश येतं. जमीन अजून सोडलेली नाही. दगडाच्या कडेला टेकतं.

इथे थांबा. याच क्षणी.

26 इंची चाकाला इथे सुमारे 32 अंशांचा चढ लागतो. 29 इंचीला सुमारे 30 अंशांचा.

दोन अंश. 26 की 29, या इतकी वर्षं चाललेल्या वादातला मोठा भाग या दोन अंशांत आहे.

कमी वाटतात? हातांना विचारा. एका दगडावर ते कळतही नाहीत. दगडांनी भरलेल्या उतारावर, तासाभराने, मनगटं ते ओळखतात.

आता मोठं चाक मनाने हातात घ्या. थोडं जड आहे. वजन आसापासून थोडं लांब आहे. थांबलेल्या चाकाला वेग द्यायला ते जास्त बळ मागतं. अरुंद वळणावर सायकल वळवायलाही अंमळ वेळ घेतं.

एका हातात सोपा झालेला दगड. दुसऱ्या हातात जड झालेलं चाक.

दोन्ही हात तसेच राहू द्या. तोलायची घाई नको.

12 ऑगस्ट 2012. लंडन ऑलिंपिकची माउंटन बाइक शर्यत, इंग्लंडमधल्या हॅडली फार्मच्या टेकड्यांवर. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुलहावी 29 इंची चाकांवर. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर 27.5 वर. जवळपास दीड तासाची शर्यत. कुलहावी पहिला, शुर्टर दुसरा.

मध्ये एक सेकंद.

तो सेकंद चाकाचा, की पायांचा, की शेवटच्या वळणाचा? उत्तर शोधू नका. प्रश्न राहू द्या.

आज काही जण पुढे 29 आणि मागे 27.5 लावतात. पुढचं चाक दगडावर सहज चढावं. मागचं लहान असावं, म्हणजे तीव्र उतारावर शरीर मागे न्यायला जागा मिळते आणि सायकल चटकन वळते.

आता नजर अगदी खाली आणा. टायर जमिनीला टेकतो तिथे.

पाहा, केवढी जागा आहे ती.

एका चाकावर 40 किलो भार धरा. टायरमध्ये 25 पीएसआय हवा. ढोबळ हिशेबाने 23 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकलेले असतात. तळहाताहून लहान.

तुम्ही, तुमची पिशवी, पाण्याची बाटली, सगळी सायकल, अशा दोन लहान जागांवर उभी आहे. मध्ये फक्त हवा.

हवा थोडी सोडा. स्स्स.

20 वर थांबा. तीच जागा आता 28 चौरस सेंटिमीटरच्या आसपास झाली. टायर मऊ झाला. खडा आला तर त्याच्याभोवती थोडा बसतो, त्यावरून उडत नाही.

आणखी सोडली तर? दगडावर रिम आपटेल. आत ट्यूब असेल तर ती दोघांमध्ये चिमटली जाईल. टायर वळणावर लोळेल. म्हणून थोडीच सोडा, आणि अंगठ्याने दाबून पाहा.

किती दबला? तो दाब अंगठ्याच्या लक्षात राहू द्या.

आता डोळे मिटा. तीच पायवाट, तोच दगड. चाक टेकतं. टायर दबतो. खालच्या तारा सैल पडतात. चाक वर चढतं, उतरतं. तारा पुन्हा ताठ होतात.

या सगळ्यात 26 कुठे आहे, 29 कुठे आहे, ते आता तुमच्या मनगटांना ऐकू द्या.

डोळे उघडा. सायकल सरळ करा.

नवं चाक घ्यायचं मनात असेल तर दुकानातल्या फलकावरून ठरवू नका. ओळखीतल्या कुणाकडून दुसऱ्या मापाची सायकल एका सकाळपुरती मागून घ्या. दोन्हींच्या टायरची जाडी शक्यतो सारखी असू द्या. हवा पंपाच्या काट्यावर मोजून सारखी ठेवा. मग नेहमीच्या वाटेवरच्या एकाच दगडावरून दोन्ही सायकली सावकाश न्या. हवा न मोजता केलेली तुलना चाकांची नसते, हवेची असते. म्हणून आधी पंप आणा, मग मत बनवा.