अनुमान, अनुपलब्धी आणि शोधसंख्या

भारतीय तर्कशास्त्रात अनुमान हे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले गेले असले तरी ते व्याप्तीवर, म्हणजे हेतू (खूण) आणि साध्य (तिच्यावरून ताडायची गोष्ट) यांच्या कधीही न तुटणाऱ्या साहचर्यावर उभे असते. ही व्याप्तीच निश्चित होत नाही, म्हणून चार्वाकांनी अनुमान नाकारले. एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, याचा संकेतस्थळाच्या मालकाला मिळणारा आकडा याच वादात सापडतो. गूगलचे कीवर्ड प्लॅनर बारा महिन्यांची सरासरी देते, जवळचे शब्द एकत्र मोजते आणि जाहिरातींवर फारसा खर्च न करणाऱ्याला 1 हजार ते 10 हजार असा ऐसपैस पल्ला दाखवते. त्यामुळे लातूरच्या शिकवणी वर्गांचा शोध निकालाच्या दिवसांत उसळला, तरी सरासरीत ती लाट सपाट होते.

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला असा अंदाज नवा नाही. खरिपाची नजर पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, सप्टेंबरअखेर डोळ्यांनी ठरते, पण डिसेंबरातील अंतिम पैसेवारी पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे ठरावीक तुकड्यातले पीक कापून, मळून, तोलून काढलेल्या उताऱ्यावर बेतलेली असते. शोधसंख्येला अशी अंतिम पैसेवारी नसते.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हेही प्रमाण मानतात, परंतु जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच बाबतीत. नांदेडच्या 'हजूर साहिब' या गुरुद्वाऱ्याच्या नावाचे एखादे वेगळे लेखन शोधून त्यापुढे शून्य आले, तर यात्रेकरू नाहीत असे सिद्ध होत नाही, कारण आकड्यांची चाळणीच जाड असते.