गेडच्या हातातलं दाताळं

भाची : फसवलं गं मावशी, चक्क फसवलं ह्या बाईने मला!

मावशी : कुठल्या बाईने?

भाची : उर्सुला ले ग्विनने. शेळ्या राखणारं पोर रोक बेटाचा महाजादूगार होतं, म्हणून तीन पुस्तकं मी त्या गेडच्या मागे अर्थसीचा समुद्र पालथा घातला. आणि चौथ्यात, 'तेहानू'त, तो पुन्हा शेळ्याच राखतो! रात्री घरात गुंड शिरायला बघतात, तेव्हा ह्याच्या तोंडी मंत्र नाही. हातात गवताचं दाताळं!

मावशी : मंत्र आणणार कुठून? मृत्यूच्या देशातलं भगदाड बुजवताना सगळी शक्ती खर्च केली ना त्याने? तिसऱ्या पुस्तकाचा तो शेवट वाचून तू रडली होतीस.

भाची : रडले, कारण ते भव्य होतं. ड्रॅगनच्या पाठीवर बसून तो गेला, गोष्ट संपली.

मावशी : गेला तो कुठेतरी उतरलाच असणार. उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जेवायला लागतं.

भाची : तिसरं पुस्तक १९७२चं, चौथं १९९०चं. अठरा वर्षांत बाईंची मतं बदलली, त्याचा भुर्दंड गेडने का भरायचा? नियम तिनेच घालून दिले होते.

मावशी : कुठले नियम? रोकच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता. बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि कपटी, असं लोक सर्रास म्हणत. अकराव्या वर्षी खटकलं होतं तुला?

भाची : ...लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मावशी : तिला उशिरा खटकलं. मग काय करावं तिने? टोल्कीनचं बघ. त्याच्या १९३७च्या 'हॉबिट'मध्ये गोलम पैज हरल्यावर अंगठी द्यायला राजी होता. पुढच्या कथेत ते बसेना, तेव्हा त्याने १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरणच बदललं. ले ग्विनने जुनी पानं होती तशी ठेवली आणि पुढे लिहिलं. जोड उघडा ठेवला.

भाची : तोच तर टोचतो! बरं, प्रामाणिक म्हणून पुस्तक चांगलं ठरतं का? विधवा तेनार शेत सांभाळते, भाजलेल्या पोरीला जपते, सगळं मान्य. पण शेवटी सुटका करायला ड्रॅगनच येतो. जादूवाचून जगायचं म्हणायचं आणि गळ्याशी आलं की तिलाच हाक मारायची!

मावशी : हे मात्र खरं. तिथे मलाही घाई वाटली. हे ठणकावून सांग. फक्त 'फसवलं' म्हणू नकोस. लेखक चुकला तर त्याला जाब विचारावा. आपल्या मनातली गोष्ट त्याने लिहिली नाही, ह्याचा जाब त्याला कसा विचारणार?

भाची : आणि तिला स्वतःला पटला असेल हा शेवट?

मावशी : 'तेहानू'वर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१मध्ये तिची आणखी दोन आली.