विद्येचे ऋण कोणी फेडावे?

गेल्या जून महिन्यात अकलूजच्या बाजारातून घरी परतताना एक ओळखीचे गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन टेकले. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर त्यांचे दोन एकर रान आहे. थोरला मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीच्या शिक्षणास निघालेला. पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढून त्यांनी आम्हांपुढे ठेविला व म्हणाले, "मास्तर, चार वर्षांचे चार लाख पाहिजेत. गावातला एकजण रान लिहून घेऊन द्यायला तयार आहे. रान गेलं तर जाऊ द्या, पण पोरगं शिकलं पाहिजे. यात काही चुकतंय का?"

प्रश्न साधा दिसला, पण उत्तर देण्यास आम्हांस दोन दिवस लागले. कर्ज करणे हेच मुळात वाईट, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु ज्याच्या घरी पैसा नाही त्याने विद्येकडे पाहूच नये, असा त्याचा अर्थ होतो, व तसे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. उलट, विद्येसाठी काढलेले कर्ज सदैव पवित्र, असेही पुष्कळ लोक मानतात. लग्नासाठी रान लिहून देणारास गाव नावे ठेवतो. शिक्षणासाठी लिहून देणाराची वाहवा करतो. ह्या वाहवेचीच आम्हांस अधिक भीती वाटते, कारण तिच्या भरात हिशेब कोणी विचारीत नाही.

कर्जाने बैल घेतला आणि दिवस फिरले, तर बैल विकून निदान अर्धे कर्ज वारता येते. विद्येचे तसे नाही. ती शिकणाराच्या अंगी राहते. तिचा लिलाव होत नाही, ती परत करता येत नाही. म्हणून पैसे देणारा दुसऱ्या कोणाचा तरी हात धरून ठेवतो. सही बापाची, विद्या मुलाची, आणि रान गेले तर उपास धाकट्या भावंडांचा. एकाच्या लाभासाठी दुसऱ्याच्या ताटातील भाकरी गहाण पडते, आणि ज्यांची भाकरी ती, त्यांस बहुधा कोणी विचारलेलेही नसते.

आपल्या ह्या भागास ऋणाच्या कागदांची ओळख नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चालून जाऊन त्यांचे कर्जरोखे जाळिले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस ऋणाच्या जाचातून सोडविण्याचा कायदा झाला, व तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर ह्या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. त्या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा प्रमाण मानू नये. कागदामागे जाऊन कुणब्याच्या हाती खरोखर किती पडले व त्याने किती फेडले, ह्याचा शोध घ्यावा, असे त्यात सांगितले होते. कागद खोटा नसतो, तरी कागद म्हणजे सगळे सत्य नव्हे, हे त्या काळच्या सरकारासही मान्य करावे लागले.

हीच दृष्टी विद्येच्या ऋणाकडे लावून पाहू. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांस १९१३ साली बडोदे संस्थानाने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती देताना करार असा की, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी. म्हणजे ते एक प्रकारचे ऋणच होते. फेड पैशाने नव्हे, सेवेने करावयाची. १९१७ साली ते परत आले व कराराप्रमाणे बडोद्यास रुजूही झाले. परंतु एवढ्या विद्वान माणसास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तेथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढिले, आणि ते मुंबईस परतले.

कागदावरून पाहिले तर करार त्या तरुणाकडून मोडला. कागदामागे पाहिले तर काय दिसते? तो फेडावयास गेला होता. फेड घेणारे शहरच त्यास छप्पर देईना. मग ऋण बुडविले कोणी?

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, व १९२० साली ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास लंडनला गेले. एकदा ऋणाने एवढे पोळलेला माणूस पुन्हा ऋण काढण्यास भ्याला नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक जण "समाजाने मला काम दिले नाही" असे म्हणून हात वर करील. ही शंका रास्त आहे. ज्याला पगार मिळतो, जो नवी मोटारसायकल घेतो, आणि बँकेची नोटीस मात्र गावी बापाच्या हाती पडू देतो, त्याला आम्ही बुडव्याच म्हणू. पण पदवी घेऊन चार वर्षे दारोदार फिरणाऱ्या मुलास जेव्हा तेच नाव दिले जाते, तेव्हा आपण रोखा वाचतो, माणूस वाचीत नाही. बँकेला तो भेद करणे कठीण जाते. शेजाऱ्यापाजाऱ्यांस कठीण जाऊ नये.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा गरीब मुलाने भीकही मागू नये व मिंधेही होऊ नये म्हणून त्यांनी श्रमाचा मार्ग काढिला: कमवा आणि शिका. तो मार्ग आजही थोर आहे. मात्र आजच्या अभियांत्रिकीची फी केवळ सुटीच्या वेळी खपून भरून निघेल, असे म्हणणे म्हणजे मुलाची थट्टा करणे होय.

आता त्या गृहस्थांच्या सातबाऱ्याकडे येतो. मुलाने जागा मिळविली आहे ते महाविद्यालय मान्यताप्राप्त असेल, तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण मागू नये, अशी बँकांची सर्वसाधारण योजना आहे. आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. रान लिहून द्यावे लागत नाही. शिक्षण चालू असेतो व त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पुढे पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली; तीत जामीनही लागत नाही, पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरती आहे, म्हणून संस्थेचे नाव यादीत आहे की नाही हे आधी पाहावे. अल्पसंख्य समाजांतील, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसही, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जाचा अर्ज करता येतो. आणि ज्याच्याकडे रान लिहून द्यावयाचे त्याच्यापाशी सावकारीचा परवाना आहे काय? २०१४ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. हे आमच्या पाहुण्यांस ठाऊक नव्हते.

पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे नव्हे. आम्ही पाटीवर हिशेब मांडिला. दरसाल एक लाख उचलले, व्याज शेकडा दहा सरळ धरले, तर चार वर्षांचे शिक्षण व वरचे एक वर्ष संपताना चार लाखांवर एक लाख चाळीस हजार व्याज चढते. ते पाच लाख चाळीस हजार दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिना सुमारे सात हजार शंभर रुपये. सात हजारांचा हप्ता मानेवर असलेला मुलगा गावातील शाळेत शिकविण्याचे किंवा आपल्याच तालुक्यात राहून काही करण्याचे मनात आणील काय? जेथे पगार अधिक तेथे त्यास जावेच लागेल. म्हणजे त्याचा धंदा, त्याचे गाव, कदाचित म्हातारपणी आईबापांजवळ कोण असेल हेसुद्धा, ते कर्ज आजच ठरवीत आहे.

म्हणून आम्ही म्हटले, "मुलालाच बोलवा." तो आला, खाली मान घालून उभा राहिला. अभियंता व्हावे असे तुला वाटते काय, हे त्यास आजवर कोणी विचारिले नव्हते. होय म्हणाला, पण त्या महाविद्यालयाविषयी एक जाहिरातीचा कागद सोडता त्यास काही माहीत नव्हते. मागल्या तीन वर्षांत किती मुले उत्तीर्ण झाली, ती आज कोठे आहेत, प्रयोगशाळा आहे की नुसती खोली, हे कोणी पाहिले नव्हते. दोन एकर रान पाहावयास आलेला खरीददार विहिरीत वाकून पाहतो. चार लाखांची विद्या मात्र न पाहता घेण्यास निघाले होते.

मग सहज विचारिले, धाकटी मुलगी काय करते? अकरावीत आहे, शास्त्र घेतले आहे, भावापेक्षा गुण चांगले आहेत, असे बापाने सांगितले, "पण तिचं पुढं बघू." २०२४ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी व परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण माफ करते. राहण्याजेवणाचा खर्च राहतोच, तरी मोठा भार उतरतो. बाप बराच वेळ काही बोलला नाही. जी मुलगी जवळजवळ फुकट शिकू शकते तिचे शिक्षण, जो शिकण्यास रान लागते त्याच्या रानापायी बंद पडणार होते.

सातबारा त्यांनी घडी करून पिशवीत ठेविला. पुढल्या आठवड्यात ते, मुलगा आणि मुलगी, तिघे एसटीने ते महाविद्यालय पाहावयास गेली. हप्त्याचा हिशेब मुलाने आपल्या हाताने वहीत उतरवून घेतला होता. वही बहिणीच्या हाती होती.