काजव्यांच्या वाटेवर वळीव

मे सरता सरता अकोले तालुक्याकडे गाड्यांची रांग लागते. भंडारदरा, घाटघर, साम्रद. हिरडा, बेहडा, सादड्यावर काजवे लुकलुकू लागलेले असतात. आजी, नातवंडं, डब्यात धपाटे असा सगळा लवाजमा. आणि नेमका दुपारून वळीव उठतो. कळसूबाई ढगात दिसेनाशी होते, सतरंजी उडते, टपावर गारांचा ताशा सुरू.

पाय आपोआप झाडाकडे वळतात. तेच टाळायचं. उंच झाडावर वीज पडण्याची शक्यता जास्त, आणि बुंध्याशी उभा माणूसही तिच्या तावडीत सापडतो. काचा बंद केलेली मोटार कितीतरी बरी. तिचा धातूचा सांगाडा वीज बाहेरूनच जमिनीत उतरवतो. लखलखाट आणि गडगडाट यांत ३ सेकंद गेले, तर वीज साधारण १ किलोमीटरवर. शेवटच्या गडगडाटानंतरही ३० मिनिटं आतच बसा.

मुलं रुसतील. रुसू देत! काजव्यांचा हंगामच मुळी वळीव आणि मोठा पाऊस यांच्या मधला. वळीव नको, काजवे हवेत, हे कसं जमायचं? रात्री आभाळ निवळलं, तर गाडी उभी करून दिवे मालवा, मोबाइलचेसुद्धा. उजेडात काजव्यांना जोडीदाराची खूण दिसत नाही.