लाकडातील कीड : मारेकरी की साक्षीदार?

संस्कृत पंडितांच्या न्यायांमध्ये घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय आहे, व तो मराठी लेखकांनीही वापरला आहे. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो लाकूड खात खात पुढे जातो तेव्हा त्याच्या वाटेने कधी कधी लाकडावर एखाद्या अक्षरासारखी आकृती उमटते. किड्याला अक्षर येत नाही, लिहिण्याचा त्याचा हेतूही नाही. म्हणून जी गोष्ट केवळ योगायोगाने घडून आली तिला घुणाक्षर म्हणावे, असा पूर्वीच्या लोकांचा संकेत. हा संकेत आम्हांस अर्धाच पटतो. किड्याला अक्षर येत नाही हे खरे; परंतु त्याने जे कोरले ते वाचता येत नाही असे मात्र नाही. ज्याला ती लिपी येते त्याला त्या झाडाचे बरेचसे चरित्र तेथे सापडते. आणि ते वाचू लागले की एक प्रश्न पुढे उभा राहतो, तो केवळ सुताराचा नाही: जे मेले त्याला कोणी मारले, हे आपण कशावरून ठरवतो?

धामणगावाहून यवतमाळच्या रस्त्याने जावे, किंवा वर्धा नदीच्या काठच्या खेड्यांतून फिरावे, तर काळ्या रानाच्या धुऱ्यावर एखादा कडुनिंब अथवा बाभूळ वाळून उभी दिसते. सालीवर मातीचा लेप, खोडाला भोके, बुंध्याशी पिवळसर भुसा. पाहणारा म्हणतो, “उधईनं खाल्लं.” एवढ्यावर पंचनामा आटोपतो. परंतु वाचकहो, असा लेप दुसऱ्या एखाद्या हिरव्या झाडावर दिसला तर तो हाताने खरवडून पाहा. उभ्या झाडावर माती चढवणारी वाळवी पुष्कळदा सालीचा वरचा मेलेला पापुद्रा तेवढा खाते. त्याखाली नखाने टोकरले तर ओली, जिवंत साल लागते. झाड खरोखरच वाळलेले असले, तरी वाळवी मरणाच्या आधी आली की नंतर, हे त्या लेपावरून कळत नाही. भूजलाची पातळी खाली गेली असेल, नांगराने मुळे तुटली असतील, सखल जागी पावसाळाभर पाणी तुंबून चिकण मातीत मुळे गुदमरली असतील. हे सारे जमिनीखाली घडते. आपल्या डोळ्यांपुढे असते ते वरचे.

भोकांविषयीही असाच गैरसमज आहे. लाकडावरचे वाटोळे भोक पाहून येथून किडा आत शिरला असे आपणांस वाटते. पुष्कळ भुंग्यांच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी असते. मादी सालीच्या फटीत किंवा लाकडाच्या बारीक नळ्यांत अंडी घालते, आणि अंड्यातून निघालेली अळी इतकी लहान असते की तिच्या प्रवेशाची खूण डोळ्यांना दिसत नाही. ती आत काही महिने, कित्येक जातींत वर्ष-दोन वर्षे, लाकूड खाऊन वाढते, कोश करते, आणि भुंगा होऊन निघून जाताना जे दार पाडते ते भोक आपण पाहतो. म्हणजे आपण रागाने बोट दाखवतो तेव्हा ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे तो बहुधा तेथे उरलेलाच नसतो.

आता हे कीटक काय निवडतात ते पाहिले पाहिजे, कारण त्यांची साक्ष त्यांच्या निवडीत आहे. ज्या बारीक भुंग्यामुळे लाकडाचे मैद्यासारखे पीठ होते, त्याला लाकडाचे तंतू पचत नाहीत. त्याला हवा असतो तो लाकडात साठलेला पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च. झाडाने पुढच्या दिवसांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. ह्या भुंग्याची मादी अंडी घालण्यापूर्वी लाकडाला चावे घेऊन चव पाहते, आणि स्टार्च पुरेसा नसेल तर ते लाकूड सोडून जाते. बांबूचेही असेच आहे. बांबूतील स्टार्च वर्षभर सारखा नसतो, व जेव्हा तो भरपूर असतो तेव्हा तोडलेल्या बांबूच्या टोपलीत, सुपात, तट्ट्यात लवकर भुंगा पडतो. वद्य पक्षात बांबू तोडावा, ह्या जुन्या नियमातील चंद्राचा भाग आपण सोडून देऊ. परंतु तोडलेला बांबू किंवा बाभळीचा ओंडका काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात पूर्ण अर्थ आहे. पाण्यात ती शिदोरी कुजून व विरघळून जाते, आणि भुंग्याला येण्याचे कारण उरत नाही.

सागाची एकच फळी घ्या. तिच्या कडेच्या पांढरट लाकडात पीठ पडते, आणि त्याला लागूनच असलेले गाभ्याचे तपकिरी लाकूड जसेच्या तसे राहते. झाड एक, जमीन एक, कीड तीच. फरक असा की, गाभ्याचे लाकूड झाड जिवंत असतानाच मेलेले असते. मरण्यापूर्वी त्या भागातील पेशी आपला स्टार्च खर्च करतात आणि त्याच्या जागी कडू, उग्र द्रव्ये तयार करून ठेवतात. सागातील असे एक द्रव्य वाळवीला सहन होत नाही. जो वृक्ष आपण हिरवागार पाहतो त्याचा पुष्कळ मोठा भाग असा आतून कधीच मेलेला असतो, व त्या मेलेल्या खांबावरच जिवंत भाग उभा असतो. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सागाच्या कमानी आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या समजल्या जातात. इतक्या काळात घुणाला तेथे काही लिहावेसे वाटले नाही, हीसुद्धा त्या झाडांविषयी एक साक्षच होय. ज्या लोहमार्गामुळे आमच्या गावाच्या नावास ‘रेल्वे’ हा शब्द जोडला गेला, तो 1867 साली नागपुरास पोचला. लाकडी स्लीपरांच्या काळात हेच ज्ञान रेल्वेच्या कामाचे होते: सागाचा किंवा सालवृक्षाचा गाभा तसाच रुळांखाली घालता येई, पण हलक्या लाकडांना डांबराचे तेल पाजावे लागे. आता काँक्रीट आले, आणि हा भेद नव्या पिढीस ठाऊक असण्याचे कारण राहिले नाही.

परंतु सर्वांत विचार करावयास लावणारी साक्ष एका अगदी लहान, तिळाएवढ्या भुंग्यांची आहे. हे लाकूड खातही नाहीत. ते लाकडात बोगदे करून आपल्याबरोबर आणलेल्या बुरशीची तेथे शेती करतात व तिच्यावर जगतात. झाडाच्या मुळांशी पाणी तुंबले, त्यांना हवा मिळेनाशी झाली, म्हणजे झाडाच्या अंगात मद्यार्क तयार होतो. पाने अजून हिरवी असतात, मालकाला काही कळलेले नसते. पण त्या वासावर हे भुंगे येऊन पोचतात. त्यांची बुरशी त्या मद्यार्कात अधिक चांगली वाढते आणि इतर बुरशींना तो मारक होतो, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुढे झाड वाळते. आपण भोके पाहतो, आणि भुंग्याने झाड मारले म्हणतो. मुळाशी तुंबलेले पाणी तोपर्यंत आटून गेलेले असते.

आमच्या भागात शेतकरी कसे मरतात हे वाचकांस सांगावयास नको. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले व सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत अमरावती होता, अकोला होता. असे मरण घडले की पारावर दोन दिवसांत निकाल लागतो: “दारूनं गेला.” दारूविरुद्ध ह्या पत्रातून पुष्कळ लिहिले गेले आहे, व पुढेही लिहिले जावे असेच आमचे मत आहे. तथापि नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, आणि त्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. मनुष्याच्या तोंडाला वास येऊ लागला त्याआधी त्याच्या मुळाशी काय तुंबले होते, हे कोणी विचारले काय? तीन वर्षे लागोपाठ गेलेले कापसाचे पीक, बहिणीच्या लग्नाचे देणे, दवाखान्यात गेलेले बैलजोडीचे पैसे. ह्यांना वास नसतो.

सरकारी चौकशीचीही अडचण हीच आहे. मृत शेतकऱ्याच्या घरच्यांस राज्य सरकार एक लाख रुपयांची मदत देते. पण त्यासाठी नापिकी, कर्ज व वसुलीचा तगादा हे कारण सिद्ध व्हावे लागते, आणि प्रकरण ‘पात्र’ तरी ठरते किंवा ‘अपात्र’. पैसा लोकांचा आहे, चौकशी नको असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कागदावर एका कारणाची जागा असते, आणि त्या जागेत बहुधा शेवटचे दिसलेले भोक लिहिले जाते. गावाचा निकाल तर कागदाहून कठोर. तो मागे राहिलेल्या बाईला रोज ऐकावा लागतो, आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पुन्हा नव्याने ऐकावा लागतो.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही किडीला फारच निर्दोष केले. हा आक्षेप योग्य आहे. आंब्याच्या खोडातील भिरूड जिवंत झाडात शिरते व झाड बसवते, हे कोकणातील बागाईतदारास पक्के ठाऊक आहे. आणि बाभळीची कोवळी रोपे मुळापर्यंत पोखरणारा भुंगाही झाड मरण्याची वाट पाहत नाही. ह्याहून बोलके उदाहरण मंडल्याच्या जंगलांचे. सालवृक्षाचा गाभा पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगा आहे. एरवी तो पडलेल्या किंवा दुबळ्या झाडांत अंडी घालतो. सशक्त झाडात त्याच्या अळ्या शिरल्या तर झाड राळ सोडते व अळ्या त्या राळेत बुडून मरतात. परंतु जंगलात पडलेले ओंडके तसेच राहू दिले, ओलसर वर्षे आली, म्हणजे ह्या भुंग्याची संख्या इतकी वाढते की सशक्त झाडाची राळही अपुरी पडते. 1923 ते 1928 ह्या काळात, वऱ्हाड व मंडला एकाच मध्यप्रांताच्या कारभारात असताना, तेथे असे घडले. आणि 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्यप्रदेशात ते पुन्हा घडले, व कीड लागलेली झाडे फार मोठ्या संख्येने तोडावी लागली. तेव्हा उपाय कोणता करतात? ताजा ओंडका कापून, त्याची साल ठेचून जंगलात ठेवतात. त्याच्या रसाच्या वासाने भुंगे गोळा होतात, रस पिऊन गुंगतात, आणि गावकरी त्यांस वेचून घेतात.

म्हणजे साक्षीदार मारेकरी होऊ शकतो. पण तो तसा केव्हा होतो, हेही ह्याच उदाहरणात आहे: दुबळ्यांकडे दुर्लक्ष झालेल्या जंगलात त्याला पोसले जाते, आणि मग तो सबळांवर चालून जातो. गावातील सावकाराचे व गुत्त्याचेही असेच आहे, असे आम्हांस वाटते. त्यांस निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना हुसकावणे आवश्यक आहे, ठेचलेल्या ओंडक्यावर भुंगे वेचणे आवश्यक आहे तसेच. परंतु जो गावकरी केवळ भुंगे वेचतो आणि पडलेले ओंडके रानातच ठेवतो, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा वेचावयास जावे लागते.

असो. चांगल्या सुताराकडे पीठ पडलेले लाकूड नेले तर तो पहिल्याने ते पीठ बोटावर घेतो. ते फिके, ताजे असेल, आणि पुसून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पडत असेल, तर कीड अजून आत आहे. भोके काळवंडलेली, धूळ बसलेली असतील तर ती केव्हाच गेली. मग तो विचारतो की झाड कोठले, कोणत्या महिन्यात तोडले, आणि पाण्यात किती दिवस होते. किड्याचे नाव तो विचारीत नाही.